घरचं मत

लोकशाहीत प्रत्येक मताची किंमत सारखी असते. श्रीमंताचं मत आणि गरिबाचं मत एकाच पेटीत पडतं, आणि पेटी उघडल्यावर कुठलं कुणाचं हे देवालाही सांगता येत नाही. हे नागरिकशास्त्राच्या पुस्तकात छापलेलं आहे, आणि चिंचखांबच्या शाळेतल्या प्रत्येक मुलाने ते कधी ना कधी पेपरात लिहून गुण मिळवलेले आहेत.

पेपर देऊन मूल घरी आलं की ओट्यावर बसलेली मोठी माणसं त्याचं उरलेलं शिक्षण पूर्ण करतात. त्यांच्या हिशेबात मतं तीन तऱ्हेची. गेलेलं मत, म्हणजे समोरच्या पार्टीचं. त्याच्याकडे बघायचंच नाही. कुंपणावरचं मत, त्याला जेवू घालायचं, त्याच्या म्हशीच्या तब्येतीची चौकशी करायची, लग्नकार्यात त्याला पुढच्या खुर्चीत बसवायचं. आणि घरचं मत. घरच्या मताचं काही करायचं नसतं. मतदानाच्या दिवशी त्याला 'चल' म्हणायचं, आणि तेवढंही विसरलं तरी ते आपलं आपण चालत जातं.

अंजू हे धनश्रीचं घरचं मत होतं.

झालं ते असं. चिंचखांबच्या विद्यालयात दहावीचा निरोप समारंभ दरवर्षी एकाच पद्धतीने होतो. मुली रडतात, मुलं पोहे खातात आणि संस्थेचे एक संचालक त्यांच्या स्वतःच्या दहावीबद्दल तासभर बोलतात. वर्गशिक्षक उत्तरेश्वर सर यांना या वर्षी काहीतरी वेगळं करावंसं वाटलं. त्यांनी फोनवर कुठल्याशा मोठ्या शहरातल्या शाळेचा व्हिडिओ पाहिला होता. तिथली मुलं मतदान करून एकमेकांना गमतीचे किताब देत होती आणि हसत होती. हसत होती, हे सरांनी नीट पाहिलं होतं.

"हलकंफुलकं घ्यायचं बरं का," सरांनी वर्गाला बजावलं. चिंचखांबमध्ये मतदान या शब्दानंतर हलकंफुलकं हा शब्द येण्याची ती पहिलीच वेळ होती.

सुरुवात बरी झाली. 'वर्गातला झोपाळू' हा किताब हनुमानला बिनविरोध मिळाला. त्या वेळी तो झोपलेला होता आणि मधल्या सुट्टीत उठल्यावर त्याला कळवण्यात आलं. 'हसरा चेहरा' एका मुलाला गेला, त्यामुळे तो आपल्यालाच मिळणार असं धरून चाललेली मनकर्णा आठवडाभर हसली नाही. शेवटी राहिला तो मोठा किताब: 'सर्वांचा लाडका विद्यार्थी'. मुलींनी हरकत घेतल्यावर सरांनी त्यापुढे 'अथवा विद्यार्थिनी' असं जोडलं आणि नावं मागवली.

दोन नावं आली. एक युवराज, माजी सरपंच सुंदररावांचा मुलगा. दुसरी धनश्री, आजी सरपंच विजयमालाताईंची मुलगी.

सरांनी खडू खाली ठेवला. घरी जाऊन त्यांनी बायकोला सांगितलं की बदलीचा अर्ज करावा म्हणतो. मुख्याध्यापकांनी आपल्या परीने मार्ग काढून पाहिला: समारंभाच्या दिवशी दुपारपर्यंत युवराजने लाडकं राहावं आणि जेवणानंतर धनश्रीने. दोन्ही घरांनी तो फेटाळला. आधी कुणी राहायचं, यावर गाडी अडली.

आमच्या जिल्ह्यात सरपंच बाई असली की कारभार नवरा बघतो, असं पुष्कळ ठिकाणी दिसतं. विजयमालाताईंकडे नवरा गाडी चालवायचा. बाकी सगळं ताई. त्यांना पोरीच्या लाडकेपणाशी फार घेणंदेणं नव्हतं. पण सुंदररावांचं पोरगं मतदानाने निवडून येणार, पुढच्या पंचायतीला वर्ष राहिलेलं असताना, हे त्यांच्या जेवणात खड्यासारखं लागायला लागलं.

आता अंजूबद्दल. अंजू धनगराची पोर. तिचे वडील गहिनीनाथ आणि आई दिवाळी झाली की मेंढरं घेऊन गेवराईकडे गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, काठाला जात. आज ह्याच्या शेतात मेंढरं बसवायची, उद्या त्याच्या. शेताला खत होतं, यांना धान्य मिळतं, असं करत पेरणीच्या तोंडावर परत यायचं. अंजू गावात आजीपाशी, बायनाबाईपाशी राहून शिकली. शाळेच्या सहलीला ती एकदाही गेली नव्हती. सर घरी सांगायला यायचे, पण सहल ही गोष्टच बायनाबाईच्या डोक्यात शिरत नसे.

"फिराय जायचं? मुद्दाम?" ती विचारायची. "तिच्या बापाचा सारा जलम फिरण्यात चाललाय मास्तर. त्येला तर कुणी सहलीला गेला म्हणीत न्हाई."

सर चहा पिऊन परत जायचे.

धनश्री आणि अंजू पाचवीपासून एका बाकावर. धनश्रीला स्वतःची वेणी घालता येत नसे, आणि ताईंना सकाळी वेळ नसे; सकाळी त्यांच्या दारात गाव बसलेलं असायचं. म्हणून शाळेच्या पायरीवर, प्रार्थनेच्या आधी, अंजू तिच्या दोन वेण्या घालायची. दातात रिबीन धरलेली असल्यामुळे अंजूला बोलता यायचं नाही. धनश्री बोलायची, अंजू ऐकायची. पुढे रिबीन बांधून झाल्यावरही दिवसभर हीच वाटणी चालू राहायची, आणि दोघींनाही त्यात काही चुकीचं वाटलं नाही.

वेणी घालता घालता अंजूने धनश्रीची निवडणूक हातात घेतली. गप्प बसणाऱ्या माणसाला सगळ्या वर्गाचं ऐकू येतं. कोण कुणावर रुसलंय, कुणाला कुणी वही दिली नाही, हे तिला तोंडपाठ होतं.

"मनकर्णा?" धनश्री विचारायची.

"कुंपणावर. तिला हसरी म्हणलं की तुझी."

"हनुमान?"

"जो उठवील त्येचा."

"आन तू गं?" धनश्रीने हसत विचारलं.

अंजूने वेणी जरा जोरात ओढली.

"आई गं! मेले की!"

त्या आठवड्यात दोघी खुशीत होत्या. खरं म्हणजे अंजूला त्या किताबापेक्षा हे रोजचं मोजणं आवडत होतं. धनश्री दहावीनंतर लातूरला शिकायला जाणार होती, हे ठरलेलं होतं. त्यावर दोघी बोलत नसत. मोजणं चालू असेतोवर ते आठवत नसे.

मग सुंदररावांनी चाल केली. शनिवारी शाळा सुटल्यावर त्यांनी अख्ख्या वर्गाला शेतात हुरड्याला बोलावलं. हंगाम संपत आलेला. हुरडा इतका निबर की दाढांचा आवाज बांधापर्यंत यावा. तरी मुलांनी खाल्ला, गुळाचे खडे खिशात घातले आणि येताना युवराज लई दिलदार आहे असं बोलू लागली. ताईंनी लगेच अंजूला बोलावून घेतलं.

"कितीजण हालले गं?"

अंजूने उभ्या उभ्या सांगितलं. आपले नऊ पक्के. त्यांचे अकरा. राहिले ते तेरा सगळे कुंपणावर, आणि ती तेरा नावंही तिने घडाघडा म्हणून दाखवली.

ताईंनी तिच्या पाठीवर थाप मारली. "माझ्या सदस्यात तुझ्यासारखा एक असता ना, तर मी आमदार असते." मग नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "क्रूझर काढा. उद्या सहल."

ही सहल वेगळी. उपसरपंचाची निवड आली किंवा अविश्वासाचा ठराव आला की आमच्याकडे सदस्यांना गाडीत घालून लांब नेतात. फोन काढून घेतात, देवदर्शन घडवतात, पोटभर जेवू घालतात, आणि समोरच्याला भेटायची सोय राहत नाही. मागचा उपसरपंच ताईंनी असाच निवडून आणला होता. तोच प्रयोग त्यांनी दहावीच्या पोरांवर करायचं ठरवलं. सोमवारी समारंभ, त्यातच मतदान. रविवारचा एक दिवस पोरं गावाबाहेर काढायची.

सहल हा शब्द अंजूने ऐकला. पुढचं काही तिने ऐकलं नाही. दोघी एकाच गाडीत दिवसभर, लातूरच्या आधी एकदा, एवढंच तिच्या मनाने धरलं.

त्या संध्याकाळी तिने बायनाबाईला सांगितलं. बायनाबाईने चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

"धनी सोबत हाय?" तिने विचारलं. धनश्रीला ती धनी म्हणायची.

"तिचीच तर हाय सहल."

"मग जा. भाकरी घेऊन जा संगट. लोकाच्या जिवावर जाऊ न्हाई."

रविवारी पहाटे उठून आजी-नातीने चुलीवर भाकरीचा ढीग घातला, ठेचा कुटला, आणि सगळं एका धुतलेल्या धोतराच्या फडक्यात बांधलं. अंजूने मामाच्या लग्नात घेतलेला पिवळा ड्रेस घातला. शाळेच्या फाटकापाशी ती सगळ्यांच्या आधी जाऊन उभी राहिली.

क्रूझर आली. तेराजण चढले. हनुमान चढल्याबरोबर मागच्या बाकावर आडवा झाला, त्यामुळे तेराजण चौदांच्या जागेत बसले. ताई खाली उभ्या राहून प्रत्येकाचा फोन कापडी पिशवीत टाकून घेत होत्या. शेवटी त्यांचं लक्ष अंजूकडे गेलं.

"अंजू? तू कावून आलीस गं इतक्या सकाळी?"

"सहलीला," अंजू म्हणाली.

ताई हसल्या. त्यात टोमणा नव्हता, कौतुकच होतं. "अगं येडे, तू तर घरची हाईस! तुला कोण फोडाय आलंय? ही सहल ह्या कुंपणावरच्या माकडांची. तू गावात थांब अन् नजर ठेव. सुंदररावांची माणसं कुणाच्या दारात जातेत का, बघ. तुझ्याशिवाय कुणावर इश्वास टाकू मी?"

अंजूने पुढच्या खिडकीकडे बघितलं. धनश्री तिथे बसली होती. तिने गॉगल लावलेला होता. तिने खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं आणि अंजूचा गाल ओढला.

"अंजे, तू हाईस म्हणून मला गावाचं टेन्शनच नाही बघ! ते काय आणलंस? भाकरी? दे की, वाटेत खातो."

अंजूने फडकं वर दिलं. गाडी गेली. फडक्याला जागा झाली होती.

दिवसभर अंजूने नजर ठेवली. सांगितलेलं काम ती करत असे. पाण्याच्या टाकीखाली सावलीला बसलं की गावातल्या दोन्ही गल्ल्या दिसतात. पिवळ्या ड्रेसवर ती तिथे बसली. सुंदररावांची माणसं कुणाच्याच दारात गेली नाहीत, कारण दारात भेटायला कुणी नव्हतं. शेरडं गेली, एक भंगारवाला गेला. उन्हं कलल्यावर युवराज मोटारसायकलवरून आला आणि तिला बघून थांबला.

"तू न्हाई गेलीस?"

"मला काम व्हतं घरी."

युवराजने तिच्या ड्रेसकडे बघितलं. तो मुलगा वाईट नव्हता. बापाने त्याला उभं केलं होतं, तसा तो उभा होता. थोडा वेळ त्याने मोटारसायकलची टाकी पुसली.

"आबा म्हणले, राहिलेल्यास्नी भेटून ये," तो म्हणाला. "पर तुला काय मागायचं? तू तर तिचीच हाईस."

"हो," अंजू म्हणाली.

"मग जातो."

तो गेला. सबंध निवडणुकीत दोन्ही पार्ट्यांचं एकमत झालं, ते एवढ्या एका गोष्टीवर.

दिवस मावळता क्रूझर परत आली आणि एकेकाला त्याच्या त्याच्या दारात सोडत पुढे निघून गेली. अंजूचं घर धनगर गल्लीच्या टोकाला. तिथे गाडी यायचं काही कारण नव्हतं.

सोमवारी ती नेहमीसारखी पायरीवर जाऊन बसली, फणी घेऊन. धनश्री आली ती वेणी घालूनच. एकच वेणी, डोक्याच्या वरपासून गुंफत आणलेली, बाजूला खोचलेलं एक मोत्याचं फूल.

"मनकर्णानं घातली, काल धाब्यावर," धनश्री वळून दाखवत म्हणाली. "मोडू नको म्हणली, म्हणून रात्रभर उपडी झोपले. कशी दिसते?"

"बरी दिसती," अंजू म्हणाली, आणि फणी दप्तरात ठेवली.

मग बाकीचे जमले आणि सहल सुरू झाली. सहल खरी सुरू होते ती परत आल्यावर. कपिलधारला दर्शनाला गेल्यावर कोण घसरलं, धाब्यावर कोणी किती पनीर खाल्लं, हनुमान देवळातच झोपून राहिला आणि गाडी अर्ध्या घाटातून कशी मागे आणावी लागली. एकाने सुरुवात केली की दुसरा शेवट करायचा, आणि शेवटाच्या आधीच सगळे हसायचे. अंजू शेवटानंतर हसत होती.

"आन तुझ्या भाकरी, अंजे!" धनश्रीला हसू आवरेना. "अगं, माकडांनी नेल्या! फडक्यासगट! एकानं ठेचा खाल्ला अन् असं नाचाय लागला, असं नाचाय लागला..."

मनकर्णाने उठून माकड नाचून दाखवलं. अख्खा वर्ग लोळला. मनकर्णा फार छान हसत होती. तो किताब तिलाच द्यायला हवा होता.

"तू पाहिजे होतीस, अंजे," धनश्री डोळे पुसत म्हणाली. अगदी मनापासून म्हणाली.

संचालकांचं भाषण झालं. पोहे झाले. मग सरांनी चिठ्ठ्या वाटल्या आणि मतदानासाठी बिस्किटांचा रिकामा डबा पुढे ठेवला. दोन्ही बाजूंची मोठी माणसं व्हरांड्यात येऊन उभी राहिली होती. हलकंफुलकं बघायला.

अंजूने चिठ्ठी हातात घेतली. मोजणं तिच्या अंगवळणी पडलेलं. आपले नऊ आणि सहलीचे तेरा. बावीस. सहलीचे एकदोन गळाले तरी वीस. वर्गात तेहतीस जण. धनश्री आरामात येते. मग एक मत कमी झालं तर काय बिघडतं? बिघडत काही नाही. पण ताईंची पोर आहे ती. निकाल लागला की ती विचारणार, एक कुठं गेलं? मग शोधणार. मनकर्णाला विचारील, हनुमानला विचारील, सगळ्यांना विचारून झाल्यावर तिची नजर शेवटी बाकावर शेजारी येईल. तू? ती म्हणेल. कावून गं?

त्या 'कावून'चं उत्तर अंजूकडे तयार होतं. कालपासून ती तेच तयार करत होती. फक्त कुणीतरी विचारायला हवं होतं.

तिने युवराजचं नाव लिहिलं, चिठ्ठीच्या चार घड्या केल्या आणि डब्यात टाकली.

सरांनी चिठ्ठ्या मोठ्याने वाचल्या. अर्ध्यावर येईपर्यंत धनश्री पुढे होती. नंतर व्हरांड्यातले सुंदरराव मिशीला हात लावू लागले. शेवटची चिठ्ठी युवराजची निघाली. युवराज सतरा, धनश्री सोळा.

व्हरांड्यात शिट्ट्या झाल्या. कुणीतरी खिशातून गुलाल काढला. समारंभाला येताना गुलाल खिशात ठेवून येणारी माणसं चिंचखांबमध्ये मिळतात. सरांनी तेवढ्यात फळ्यामागे जाऊन घाम पुसला. धनश्री उठली आणि तोंड दाबून बाहेर पळाली.

अंजू जागेवरच बसून राहिली. ती परत मोजत होती. सहलीतले पाच जण फुटले होते. पनीर खाऊन, माकडं बघून, हसून, पाच जण. तिने कुंपणावरचे सगळे बरोबर ओळखले होते. गाडीत बसवल्याने कुंपणावरचं माणूस कुंपणावरून उतरतं, हे मात्र तिने उगाच धरलं होतं. आणि तरीही धनश्री एका मताने आली असती.

शाळेच्या मागे कडुलिंबाखाली ताईंनी चौकशी बसवली. तेरा जणांना ओळीने उभं केलं.

"खाल्लं न्हवं पनीर? दोनदा मागून घेतलं न्हवं?"

"ताई, आईची आन, तुमालाच दिलं."

"तू रे हनुमान?"

"मी तर धनश्रीलाच दिलं, ताई. मला आठवतंय. जागाच व्हतो."

तेराच्या तेरा जणांनी आईची, देवाची, दहावीच्या निकालाची शपथ घेतली. ताईंनी कपाळावर हात मारला. अंजू लिंबाच्या बुंध्याला टेकून उभी होती, ओळीच्या अगदी जवळ. म्हटलं तर ओळीतच. ताई ओळीच्या शेवटापर्यंत आल्या आणि थांबल्या.

अंजूने ओढणी नीट केली.

"अंजू, बाई, पाणी घेऊन जा तिला," ताई म्हणाल्या. "टाकीमागं बसलीय. तुझंच ऐकंल ती."

धनश्री शाळेच्या पाण्याच्या टाकीमागे गुडघ्यात डोकं घालून बसली होती. वेणीतलं मोत्याचं फूल लोंबत होतं. अंजू शेजारी बसली, तर धनश्रीने तिच्या मांडीत तोंड खुपसलं आणि ती मोठ्याने रडायला लागली. पाचवीनंतर ती अशी रडली नव्हती.

"कोण असंल गं? एक मत, अंजे! एका मतानं! मी कुणाचं काय वाईट केलंय?"

अंजूने तांब्या खाली ठेवला. तयार केलेल्या उत्तरातला एकही शब्द आता कामाचा नव्हता. ते हसणाऱ्या धनश्रीसाठी तयार केलेलं होतं.

"मी न्हाई दिलं तुला," ती म्हणाली.

धनश्री रडत राहिली.

"धने. माझं मत युवराजला गेलं. मी दिलं. मला काल गाडीत घेतलं न्हाई, म्हणून दिलं."

धनश्रीने डोकं वर केलं. तिचे डोळे सुजलेले होते. ती अंजूकडे बघत राहिली. सहा वर्षांत तिने अंजूकडे इतका वेळ कधी बघितलं नसेल. वेणी घालणारी मागे बसते.

आणि मग धनश्रीला हसू फुटलं. नाकातलं पाणी पुसत, उचकी देत ती हसायला लागली.

"तू? आन युवराजला?"

"खरंच दिलं."

"कुणाला वाचवायलीस? मनकर्णाला ना?" धनश्रीने अंजूची ओढणी ओढून घेतली आणि तिच्या टोकाने आपले डोळे पुसले. "येडी हाईस तू, अंजे. दुसऱ्याचं पाप स्वतःवर घेतीस. मला बरं वाटावं म्हणून काहीही बोलतीस. सगळी दुनिया फुटंल, तू फुटणार न्हाईस, एवढं कळतं मला."

"तुला कळत न्हाई," अंजू म्हणाली.

"बरं बाई, न्हाई कळत," धनश्री म्हणाली आणि तिच्या गळ्यात पडली. तिला खरंच बरं वाटलं होतं.

फाटकापाशी क्रूझरचा हॉर्न वाजला. दुसऱ्यांदा वाजला. धनश्री उठली, ड्रेस झटकला. "येते गं. मम्मी लई तापलीय. पेपरला भेटू." परीक्षेचे नंबर आडनावाप्रमाणे आलेले होते, धनश्री पहिल्या खोलीत आणि अंजू थेट शेवटच्या इमारतीत. ते दोघींनाही माहीत होतं. धनश्री पळत गेली. कोपऱ्यावर वळून तिने हात हलवला.

अंजू तिथेच बसून राहिली. तांब्यातलं पाणी तिने स्वतः प्यायलं. थोड्या वेळाने युवराज आला, केसांत गुलाल, हातात रंगीत कागदात गुंडाळलेला बक्षिसाचा खोका.

"धनश्री गेली का?"

"गेली."

"मी म्हणलं, हे तिलाच द्यावं. लई रडली म्हणून ऐकलं." तो टाकीच्या कठड्यावर टेकला. "मला तर काय करायचंय गं असल्या गोष्टीचं."

अंजू त्याच्याकडे बघत होती. गावात सांगण्यासारखा आता एवढा एकच माणूस उरला होता.

"युवराज, मी तुला मत दिलं."

युवराजने मान डोलावली. थकल्यासारखी, जरा समजुतीने.

"हो ना. सगळेच तेच सांगायलेत," तो म्हणाला. "मतं पडली सतरा, आन आतापर्यंत तेवीस जण येऊन सांगून गेलेत. मनकर्णा तर दोनदा आलती."

अंजूने रिकामा तांब्या जवळ ओढला. त्याला वाटलं, आपण तिला खोटी पाडली. त्याने विषय बदलायला खोका तिच्यापुढे धरला. "तूच फोड. बघू तर काय हाय."

तिने कागद फाडला. आत भिंतीवरचं घड्याळ होतं. पांढऱ्या तबकडीवर मोठ्या हिरव्या अक्षरांत एका खताच्या दुकानाचं नाव आणि मोबाइल नंबर होता. युवराजने ते उलटं करून मागची रिकामी खाच बघितली.

सेल वेगळा घ्यावा लागणार होता.